कुंकवाची गाडी

नवी गाडी घरी न्यायच्या आधी तिची पूजा करायची, हे आमच्या धाराशिवकडं कुणाला सांगावं लागत नाही. ती पूजा मांडणं ही माझी नोकरी होती. हसू नका, खरंच होती. जुन्या कंपनीच्या शोरूममध्ये मी तेरा वर्षं तेच केलं. रांगोळी, हार, पेढे, ओवाळणीचं ताट, चार चाकांखाली चार लिंबं आणि शेवटी किल्ली हातात घेऊन फोटो. बॉनेट उचलायचं आणि घरच्या बाईच्या हातानं थेट इंजिनाला हळदीकुंकू लावून घ्यायचं, हे मात्र माझं स्वतःचं. बाकीचे बॉनेटवर स्वस्तिक काढून मोकळे व्हायचे. मी म्हणायचे, गाडी ओढतंय इंजिन आणि कुंकू पत्र्याला, हा कुठला न्याय? बायकांना ते लगेच पटायचं. कुंकू लावता लावता त्या आत वाकून बघायच्या आणि नवऱ्याला विचारायच्या, "एवढुसंच असतंय व्हय?"

मग तुळजापूर रस्त्याला नवी कंपनी आली. नुसत्या विजेवरच्या गाड्या, आणि नाव तर जिल्ह्यात कुणी ऐकलेलं नाही. आमच्या शोरूममधले सगळे खो खो हसले. "मोबाईल विकावेत तशा गाड्या विकायला आलेत," असं आमचा सेल्सचा प्रमुख म्हणायचा. सहा महिन्यांत त्याचं हसू पळालं. लोक नव्या कंपनीची गाडी बघायला जायचे, चालवून बघायचे आणि येऊन आम्हालाच विचारायचे, तुमची विजेवरची कधी येणार? आमच्या कंपनीनंही घाईघाईनं एक आणून दारात उभी केली, पण ती विकताना विकणाऱ्यालाच तिच्यातलं काही कळत नव्हतं.

नव्या कंपनीनं मला बोलावलं. पगार जास्त आणि हुद्द्याचं नाव एवढं लांबलचक, की घरी सांगताना मी निम्मंच सांगितलं. जायला हरकत नव्हती, पण मी जाताना गप्प गेले नाही. माझं तोंड असंच आहे. निरोपाच्या चहाला सगळ्यांदेखत मी मालकांना म्हणाले, "दोन वर्षांत तुमच्या शोरूमला टाळं लागतंय बघा." तेरा वर्षं ज्यांच्याकडं पगार घेतला, त्यांना! तिथं परत जायचा रस्ता मी त्या एका वाक्यानं बंद करून टाकला.

नव्या कंपनीत सगळं शिक्षण मोबाईलवर. व्हिडिओ बघायचे आणि प्रत्येकाच्या शेवटी 'समजलं' असं बटण दाबायचं. मी मोबाईल ओट्यावर उभा करून मेथी निवडत बसायचे आणि व्हिडिओ संपला की दाबायचे बटण. गाडीची पूजा मला आणखी कोण शिकवणार होतं? चार्जिंगच्या खोबणीवर एक आख्खा व्हिडिओ होता. तो चालू असताना मी कुकरची शिट्टी मोजत होते.

तामलवाडीचं एक जोडपं आलं. नवरा बरीच वर्षं डिझेल गाडी चालवायचा. तामलवाडीहून सोलापूरला नोकरीला जाणाऱ्या पाच बायकांना रोज सकाळी सोडायचा, संध्याकाळी आणायचा. घर त्याच्यावर चालायचं. त्याला आणि त्याच्या आईला जुन्याच कंपनीची गाडी हवी होती. बायको हटून बसली. आठवडी बाजारात आम्ही गाडी ठेवली होती, तिथं तिनं मला तासभर प्रश्न विचारले होते आणि घरी जाऊन सगळा हिशोब नवऱ्याला समजावून सांगितला होता. सातवी शिकलेली बाई, पण डोकं लई तेज. तिच्या शब्दावर त्यानं आमची गाडी घेतली. सासू रुसून पूजेलाही आली नाही.

पूजेच्या दिवशी नवरा आत सह्या करत होता. बाहेर ती, मी आणि नवऱ्याचे दोन-तीन मित्र. सवयीप्रमाणं मी बॉनेट उचललं. आत इंजिन कुठलं? सामान ठेवायचा काळा प्लास्टिकचा डबा. ती हळदीचं बोट तसंच धरून उभी राहिली. "मॅडम, कुंकू कुठं लावू? हितं तर डबाच हाय." मित्र फिदीफिदी हसायला लागले. "वहिनी, डब्यात भाकरी बांधून न्या," असं एकजण म्हणाला. तिचं तोंड एवढंसं झालं.

मला राग आला. तिच्यासाठी आला हे खरं, पण थोडा माझ्या गाडीसाठीही आला, खोटं कशाला बोलू? हे जुन्या कंपनीचे लोक हसायचे तसंच हसणं होतं. मी तिला हाताला धरून गाडीच्या बाजूला नेलं, चार्जिंगचं झाकण उघडलं, आतली रबरी टोपीही मीच काढली. "वहिनी, हिचं पोट इथं भरतं. लावा इथं." तोवर मित्र नारळ फोडायला पुढच्या चाकाकडं गेले होते. तिनं मनापासून लावलं. ओली हळद, मग कुंकू, पाच बोटं, अक्षता, आणि विड्याच्या पानानं नारळाचं पाणीही शिंपडलं. तिचा चेहरा उजळला. मी टोपी बसवून झाकण लावलं. केवढी खूश होते मी स्वतःवर!

नवरा रोज रात्री अंधारात चाचपून चार्जरची तार खोचायचा, आत वाकून बघायचं कुणाला सुचलं नाही. तीन आठवड्यांनी गाडी चार्ज होईना. ढोकीपासून जळकोटपर्यंत जुन्या कंपनीची गाडी कुठंही बंद पडू दे, रस्त्याकडेच्या कडुलिंबाखालचा मिस्त्रीसुद्धा तिला घरापुरती चालू करून देतो. आमच्या गाडीला हात लावायला कुणी तयार नव्हतं. आमचा जाणकार माणूस पुण्याहून यायचा, तो नवव्या दिवशी आला. तोवर ती पाच बायकांची मंडळी दुसऱ्या गाडीनं जायला लागली होती. गाडी उचलून शोरूमवर आणली, नवरा-बायको सोबत आले. त्या माणसानं टोपी काढली. आतल्या पितळी टोकांवर लाल-पिवळा थर बसला होता आणि त्याच्यावर हिरवट गंज.

"हे कुणी केलं?" त्यानं विचारलं.

"म्या लावलं," ती म्हणाली. "मॅडमनीच सांगितलं, हितं लावा म्हणून."

आमचे मॅनेजर हसले. "वहिनी, आमची माणसं शिकून आलेली असतात. असं कोण सांगंल?" मग माझ्याकडं वळून, "व्हय की नाही हो मॅडम?"

सगळे माझ्याकडं बघत होते. तीही बघत होती, आणि तिच्या नजरेत काळजी नव्हती. मी हो म्हणणार याची तिला खात्रीच होती.

मी म्हणाले, "मी कशाला असं सांगू?"

झालं. एवढंच बोलले. नवऱ्यानं तिच्याकडं असं बघितलं की मी रांगोळीच्या डब्यांकडं बघायला लागले.

नंतर मॅनेजरनी मला आत बोलावलं. त्यांना खरं माहीत होतं असं मला आजही वाटतं. म्हणाले, "आपण नवे आहोत. गाडी खराब निघाली असं पसरलं तर जुनी कंपनी आपल्याला या जिल्ह्यात उभं राहू देणार नाही. आपल्या माणसानं चूक केली म्हटलं तरी तेच. गिऱ्हाईकाची चूक म्हटलं की गाडीचं नाव राहतं." मी मान हलवली. वॉरंटी नाकारल्याचं पत्र गेलं. त्यात बाईचं नाव नव्हतं, 'ग्राहकाच्या कुटुंबीयांनी' असं होतं.

आणि जुन्या कंपनीवाले? त्यांना तर आयतंच मिळालं. माझ्या डब्यातली चटणी खाऊन मोठ्या झालेल्या त्या सेल्समननी जिल्हाभर मेसेज फिरवला, कुंकवानं जळालेली गाडी बघितली का म्हणून. 'कुंकवाची गाडी' हे नाव पडलं ते पडलंच. तुळजापूरच्या स्टँडवर लोक त्या नवऱ्याला विचारायचे, "काय रं, आता हळदीची कधी घेतोस?" दोन कंपन्यांचं भांडण होतं, आणि दोघांनाही ती बाई खुळी असणंच सोयीचं होतं.

महिन्याभरानं ती एकटीच शोरूमला आली. एसटीनं आली होती. नवरा सोलापुरात दुसऱ्याची गाडी चालवायला लागला होता. ती बसलीसुद्धा नाही. म्हणाली, "मॅडम, गाडीचं ऱ्हाऊ द्या. तुमची नोकरी हाय, मला कळतंय. फकस्त आमच्या घरी येऊन एकदा सांगा, झाकण तुम्ही उघडलं म्हणून. सासूबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत्यात, गाडी जाळली ती जाळली, वर खोटं बोलती म्हणून. ह्यांनी तर बोलायचंच सोडलंय."

काय मागत होती ती? दहा मिनिटं. मी तिला पाणी दिलं आणि म्हणाले, "बघते."

आणि नाही गेले. दर रविवारी ठरवायचे आणि दर रविवारी काहीतरी काम काढायचे. त्या दिवसांत मी सगळ्यांवर चिडत होते. तीन जिल्ह्यांना एकच जाणकार ठेवणाऱ्या कंपनीवर, मॅनेजरवर, मेसेज फिरवणाऱ्यांवर. घरी नवऱ्यावर तर विनाकारण. तो बिचारा विचारायचा, तुझं बिनसलंय काय? मी म्हणायचे, डोंबल बिनसलंय.

मग एक दिवस दुसऱ्या गिऱ्हाईकाची गाडी पूजा करून निघायची होती. घरच्या बाईनं हळदीचं बोट वर धरून तोच प्रश्न विचारला, कुंकू कुठं लावू? आणि मी हसत हसत म्हणाले, "कुठंही लावा, फक्त त्या झाकणात नको हं. मागं तामलवाडीच्या एकीनं लावलं आणि गाडीच घालवली." सगळे हसले. माझंच वाक्य माझ्या कानावर पडलं आणि मी हातातलं ताट खाली ठेवलं. अगं बाई, हे मी बोलले? मूग गिळून बसले होते तोवर ठीक, आता मीच ती गोष्ट रंगवून सांगत होते.

त्याच रविवारी तामलवाडीला गेले. गाडी घरापुढं ताडपत्रीखाली उभी होती. सासू ओसरीवर तूर निवडत होती, नवरा सुट्टीला आलेला. ती धुणं वाळत घालत होती. मी बसले नाही. उभ्या उभ्या सगळं सांगितलं. झाकण मी उघडलं, टोपी मी काढली, इथं लावा असं मी म्हणाले, आणि त्या दिवशी सगळ्यांदेखत खोटं बोलले तीही मीच. कागदावर लिहून सही करून आणलं होतं, ते नवऱ्याच्या हातात दिलं.

"तवा जीभ झडली व्हती का तुमची?" तो ओरडला. आणखीही लई बोलला. मी ऐकून घेतलं. सासू तुरीतनं हात न काढता म्हणाली, "म्हंजी ही खरं बोलत व्हती तर." समोर उभ्या असलेल्या सुनेकडं तिनं बघितलंही नाही. सुनेनं शेवटचं लुगडं झटकून वाळत घातलं, रिकामी बादली उचलली आणि घरात गेली.

तो कागद कंपनीकडं गेला आणि मी बाहेर पडले. काढलं असं कुणी म्हणालं नाही, दुसऱ्या दिवसापासून यायची गरज नाही एवढंच म्हणाले. कंपनीनं मात्र गाडीचा तो भाग फुकट बदलून दिला, फोटोही काढले. तिच्या नवऱ्याचा फोन आला, गाडी पळतीय म्हणाला. पाचातल्या तीन बायका परत आल्या होत्या. शेवटी त्यानं मला ताईसुद्धा म्हटलं. मला वाटलं, चला, झालं एकदाचं.

मागच्या आठवड्यात मी सोलापूरला निघाले होते. एसटी तामलवाडीला थांबली. खिडकीतून बघते तर फाट्यावर ती उभी, आणि तिच्या शेजारी तीच गाडी. नवरा आतून दार उघडून धरून बसला होता. "बस की गं, सोलापूरलाच चाललोय," तो म्हणत होता. एकदा म्हणाला, दोनदा म्हणाला, तिसऱ्यांदा अगदी विनवून म्हणाला. तिनं पदर नीट केला आणि ती एसटीत चढली.

कंडक्टरनं तिला आत सरकायला सांगितलं. तिनं मला बघितलं. माझ्या शेजारची जागा रिकामी होती, मी पिशवी उचलून मांडीवर घेतली आणि खिडकीकडं सरकले. तिनं वरचा दांडा धरला आणि सोलापूर येईपर्यंत ती उभीच राहिली.