सगळ्यांनाच शाब्बास

परतूरच्या कॉम्प्युटर क्लासात मी सी भाषेत पहिला खेळ लिहिला. मशीननं एक ते शंभरमधला एक आकडा मनात धरायचा आणि आपण तो ओळखायचा. मी चारदा खेळलो आणि चारही वेळा पहिल्याच फटक्यात जिंकलो. शंका यायला हवी होती, पण मला वाटलं, आपलं डोकंच तेज आहे.

त्याच भरात वडलांना दाखवायला घेऊन आलो. क्लास चालू ठेवायचा की शेतीला लागायचं, हे त्यांच्या एका शब्दावर होतं. चपला बाहेर काढून ते क्लासच्या गार खोलीत बसले. आठवडी बाजारात नुसतं बकरं उचलून वजन सांगणारा माणूस. त्यांनी एका बोटानं सात दाबला. पडद्यावर उमटलं, ‘शाब्बास! बराबर!’ मग नव्वद टाकला. शाब्बास. मग माझ्याकडं बघत पाचशे. शाब्बास!

"हे मशीन हाय का पुढाऱ्याचा चमचा?" वडील म्हणाले. "कुणालाबी शाब्बासकी देऊन राह्यलंय."

सरांनी वाकून पाहिलं. दोन आकडे ताडून बघायला बरोबरची दोन चिन्हं लागतात, मी एकच दिलं होतं. एकावर मशीन ताडत नाही, एक आकडा दुसऱ्यात भरून मोकळं होतं. म्हणून टाकाल तो आकडा बरोबर. मला ‘शाब्बास’ या शब्दाची शिसारीच आली. याच फुकटच्या शाब्बासकीवर मी चार दिवस घरात कॉलर ताठ करून हिंडलो होतो.

वडील उठले. "क्लास चालू ठिव," म्हणाले. "असलं डोकं घेऊन शेतीत आलास तर मलाच बुडवशील."