डाव्या बाजूचा शाफ्ट

सुखदेव मामा. माझ्या आईचे थोरले भाऊ. मी आज जो काही आहे तो कुणामुळे, असं विचारलं तर हेच नाव माझ्या तोंडात येतं, आणि ते मी ठिकठिकाणी घेतोही — कॉलेजातल्या भाषणात, नातेवाइकांत, नव्या ओळखीत. आमच्या घरातला पहिला पदवीधर मी. दुसऱ्या वर्षाला नापास होऊन गावी, केशोरीला परतलो, धानाच्या रोवण्याच्या चिखलात उतरलो, तेव्हा बांधावर येऊन उभे राहिले ते नोकरीवरून रजेवर आलेले मामाच. "पाय धू आन चाल," एवढंच म्हणाले आणि मला परत गोंदियाला सोडून आले. हे सगळं मी सांगत असतो. जे आजवर कुणापाशी काढलं नाही, ते आता तुमच्यापाशी काढतो आहे. बायकोलाही ते ठाऊक नाही.

कुठून सुरू करू?

मामा बंदरावर होते. आम्हा कोहळी जातीच्या लोकांचं नाव तलाव बांधण्यात. समुद्राकडे गेलेला आमच्यात हा एकच माणूस. विशाखापट्टणमला टगबोटीच्या इंजिनखोलीत त्यांची सारी नोकरी गेली. टग म्हणजे बुटकी, दणकट बोट — मोठ्या जहाजाला दोर लावून धक्क्यापर्यंत ओढून आणते. निवृत्त होऊन ते गावी, केशोरीलाच आले आणि हे सांगू लागले, तर लोक हसत. "बकरीनं बैलबंडी वढली म्हना ना, मामा," असं पानठेल्यावर कुणीही म्हणे. मामा चिडत नसत. पण लागत असावं — नाहीतर त्यांनी ती बोट बांधायला कशाला घेतली असती?

सागाच्या पट्ट्या, तेलाच्या डब्यांचा पत्रा. विकतचा संच नाही, नकाशा नाही; सगळं आठवणीतून. लहान मूल आत झोपेल एवढी बोट झाली. मग एक दिवस ठेल्यावर सगळ्यांसमोर म्हणाले, "पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तलावात डोंगा वढून दाखवतो. मंग बोला."

तिथे मी होतो. मला अभिमान वाटला होता — हे खरं आहे, आणि पुढचंही खरं आहे.

मोटारी बसवायचं काम आम्हा दोघांचं. मी गोंदियाला एका तंत्रनिकेतनात शिकवतो. रविवारी गावी यायचो. बोटीला मागे दोन पंखे. प्रत्येक पंख्याचा शाफ्ट एका पितळी नळीतून बोटीच्या पोटात येतो आणि आत मोटारीला जोडला जातो. मोटार आणि शाफ्ट एका रेषेत हवेत. मामांची रीत अशी — दोघांच्या मध्ये आधी एक ताठ पितळी तुकडा बसवायचा, म्हणजे रेष आपोआप सरळ राहते. मग नळीभोवती एपॉक्सी, म्हणजे कडक होणारा गोंद, भरायचा, पक्का सुकू द्यायचा, आणि त्यानंतरच तो तुकडा काढून तिथे रबराची जोडणी चढवायची. उजवी बाजू मामांनी अशीच बसवली. मी फक्त उजेडाला बॅटरी धरली होती. शाफ्ट बोटाच्या टोकाने ढकलला तरी गरगर फिरायचा.

डावी बाजू मी एकट्याने बसवली.

मामा त्या दिवशी डोळे दाखवायला सडक अर्जुनीला गेले होते. पितळी तुकडा समोरच पडला होता. तो बसेना, कानस घेऊन थोडा घासावा लागला असता. मला संध्याकाळी गोंदियाला पोचायचं होतं — माझ्या लग्नाची बोलणी चालू होती. मी पितळ बाजूला सारलं, थेट रबर चढवलं आणि नळीभोवती एपॉक्सी भरून टाकलं. रबर लवचीक असतं, थोडं वाकडं असलं तरी वरून कळत नाही. मला हे ठाऊक नव्हतं का? हाच धडा मी वर्गात शिकवतो.

पुढच्या रविवारी मामांनी विचारलं, "मधी पितळ घातलं होतं ना?"

"हो, मामा."

त्यांनी शाफ्ट बोटाने फिरवला. एका जागी थांबले. परत फिरवला. "अडून राहिलं थोडं."

"ग्रीस नवं आहे," मी म्हणालो.

"तू म्हनते तं असन," ते म्हणाले. एवढ्यावर विश्वास ठेवला त्यांनी. माझ्यावर. अजून वेळ होता — नळी उखडून पुन्हा बसवता आली असती. मी चहा मागितला.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सगळं गाव तलावाच्या पाळीवर, म्हणजे मातीच्या बांधावर. माझे होणारे सासरेही आले होते, गोंदियाहून गाडी करून. मुलाचं घरदार बघायला म्हणून. त्यांच्यासाठी खुर्ची टाकली होती. मासे धरणाऱ्या एकाचा रिकामा डोंगा, म्हणजे लाकडी होडी, टगच्या मागे दोराने बांधला. मामांनी कळ दाबली. दोर ताणला गेला — आणि डोंगा हलला. खरंच हलला. एवढीशी बोट पुढे, आणि तो काळा लांबलचक डोंगा तिच्या मागे, निमूट. मामा गुडघाभर पाण्यात उभे. त्यांचा चेहरा मी बघितला. तेवढा वेळ तरी मी बघितला.

मग डाव्या बाजूने खडखड सुरू झाली. बोट थरथरली, डावा पंखा अडकून थांबला, आणि ती डावीकडे वळत डोंग्याभोवतीच फिरू लागली. नळी उचकटली होती. आत पाणी शिरत होतं. मागचा भाग खाली गेला आणि बघता बघता टग बुडाली. आधी एक जण हसला. मग सगळेच. "बकरी पाणी प्याले गेली का, मामा?" 

सासरे हसतच माझ्याकडे वळले. "क्यों इंजीनियर साहब, ये आपने फिट किया था?"

आता ऐका. मी काय म्हणालो ते जसंच्या तसं सांगतो.

"नहीं जी. वो उधरवाला मामाजी ने बिठाया था. मैंने मना किया था उनको."

मना किया था! त्याची गरज तरी होती का? पहिलं वाक्य पुरेसं नव्हतं? बंदरावर आयुष्य काढलेल्या माणसाला हिंदी कळत नाही असं मला वाटलं होतं का? त्यांनी ऐकलं. पाण्यात हात घालून बोट चाचपत होते, तसेच वळले. माझ्याकडे बघितलं नाही. सासऱ्यांना म्हणाले, "हाव. डावा माह्याच हातचा. आता हात चालत नाही."

लग्न झालं. चांगला संसार आहे. सासरे प्रत्येक समारंभात 'मामाजी का जहाज' सांगतात, लोक हसतात, आणि मीही हसतो. एकदा ते मधला एक तपशील विसरले — मी भरून दिला.

आणि मामा? गाव आता म्हणतं, इंजिनखोलीत कायचा, फरशी पुसत असन. एक बोट बुडाली आणि त्यांची सगळी नोकरीच खोटी ठरली. ते बंदराचं नाव काढत नाहीत. बोट गोठ्यात उपडी पडली आहे. मी गेलो की मामा माझ्या पोरांची चौकशी करतात. त्या दिवसाबद्दल एक शब्दही नाही. मला वाटायचं, त्यांनी मनावर घेतलं नसेल. असं मला वाटायचं, कारण ते माझ्या सोयीचं होतं.

त्यांना आता वाचता येत नाही, डोळे गेल्यात जमा आहेत. त्यांचं टपाल हिरालालच्या पानठेल्यावर येतं. हिरालाल ते फोडतो आणि बसलेल्या सगळ्यांसमोर मोठ्याने वाचून, मग घरी पोचवतो. गावात सगळ्यांचंच टपाल तो असं वाचतो. फोन करता आला असता. भेटताही आलं असतं. मी आज सकाळी पोस्टकार्ड टाकलं.

"सुखदेव मामांस, भोजराजचा नमस्कार.

बोटीचा डावा शाफ्ट मी बसवला होता. तुम्ही त्या दिवशी सडक अर्जुनीला होता. मध्ये पितळ घातलं नव्हतं, आणि तुम्ही विचारलं तेव्हा घातलं म्हणालो. तुम्ही अडतं म्हणालात, ते बरोबर होतं. त्यामुळेच नळी उचकटली आणि पाणी शिरलं. पाळीवर सासऱ्यांना मी जे बोललो ते खोटं होतं. हेच हिंदीत लिहून त्यांनाही पाठवलं आहे. उजवा शाफ्ट तुमचा. बोट बुडाल्यावरही तो पाण्याखाली फिरत होता. मी बघितला होता.

आपला भाचा, भोजराज."