तीनशे मॅग्नम, चुकीची काडतुसं आणि बाहेर थांबवलेला माणूस

बंदुकांमधलं मला ओ की ठो कळत नव्हतं. तरी यंदा मी तीन शुक्रवार एका शिकारी रायफलीच्या मागे घालवले. दोह्यात शिकार आणि बहिरी ससाण्यांचं मोठं प्रदर्शन भरतं, ते बघायला जायचा विचार असेल तर ही पोस्ट उपयोगी पडेल. फक्त आधीच सांगते, मी रागात लिहिते आहे.

मी मूळची नाशिकची. राहते दोह्यातल्या अल अझीझियात आणि रास लफानच्या एका गॅस प्लँटमध्ये सेफ्टी इंजिनिअर आहे. आमच्या शिफ्टची बस बापू चालवतात. सातारा जिल्ह्यातले, पन्नाशी ओलांडलेले. फौजेत वीस वर्षं हत्यारांची दुरुस्ती केली आणि मग इथे ड्रायव्हर म्हणून आले. प्लँटमधले माझे कतारी वरिष्ठ अबू नासेर मध्य आशियातल्या डोंगरांत रानबोकडाच्या शिकारीला निघाले होते. तिथली सरकारी परवानगी, वाटाड्या, सगळं ठरलेलं. फक्त रायफल घ्यायची होती. मी सहज म्हणाले, "आपले बापू त्यातले जाणकार आहेत." त्यावर ते म्हणाले, "यल्ला, शुक्रवारी दोघंही या."

बापू इंडस्ट्रियल एरियातल्या कामगार कॅम्पवरून बसने अझीझियाला आले. तिथून मेट्रो पकडली, मुशैरिबला लाईन बदलली आणि प्रदर्शन भरतं त्या कतारा स्टेशनला उतरलो. तिकीट अगदी किरकोळ आहे. मात्र शुक्रवारी मेट्रो किती वाजता सुरू होते ते बघून निघा, आम्ही अर्धा तास दाराशी उभे होतो. बापूंनी इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता.

वाटेत मी विचारलं, "रायफल निवडतात कशी हो?"

"तीन गोष्टी बघायच्या, ताई. जनावर कोणतं, किती लांबून मारायचं, आन् काडतूस कुठं मिळंल. लोक पहिल्या दोन बघत्यात. तिसरी इसरत्यात."

आतमध्ये ससाण्यांचा लिलाव चालला होता. चामड्याची टोपडी घातलेले पक्षी मुकाट बसले होते, आणि माणसं त्यांच्यापुढे हळू आवाजात बोलत होती. पुढे रायफलींचे स्टॉल होते. अबू नासेर एका स्टॉलवर आमची वाट बघत होते. विक्रेता भारतीयच होता, सूट घातलेला, तिशीचा. त्याने अबू नासेरना खुर्ची दिली, मला कॉफीचा छोटा पेला दिला आणि बापूंकडे बघून म्हणाला, "ड्रायव्हर लोग बाहर, पार्किंग में."

मी म्हणाले, "ये हमारे साथ हैं."

"हां मॅडम, लेकिन बाहर."

अबू नासेर तेव्हा एका रायफलीची दुर्बीण डोळ्याला लावून बसले होते. त्यांनी ऐकलं की नाही, मला ठाऊक नाही. मी मात्र ऐकलं होतं. "मग मीही जाते," असं मी म्हणायला हवं होतं. म्हणाले नाही. कॉफीचा पेला हातात धरून उभी राहिले. बापू "असू द्या, ताई" म्हणाले आणि निघून गेले.

दहा मिनिटांनी त्यांचा फोन आला. "ताई, घेतली का?"

"घेतायत. तीनशे मॅग्नम. मोठी आहे, नक्षीकाम केलेली."

"तीनशे मॅग्नम नावाची चार-पाच काडतुसं हायत. गोळी सारख्याच जाडीची, पण कवच येगळं. नळीवर काय कोरलंय त्याचा फोटो काढा. जे नळीवर, तेच काडतुसाच्या बुडावर पाहिजे. अक्षर न् अक्षर. आन् ह्ये काडतूस इथं मिळतंय का, त्ये आधी इचारा."

मी विचारलं. विक्रेता हसला. "मॅडम, दोहा में सब मिलता है." मी फोटो काढला आणि अबू नासेरना पाठवला. त्यांनी तो, हीच काडतुसं हवीत म्हणून, माझ्यासमोरच विक्रेत्याला पुढे पाठवला. नंतर बाहेर जाऊन मी बापूंना शोधलं. ते एका गाडीच्या सावलीत उकिडवे बसले होते. आम्ही टपरीवर करक चहा घेतला. तो गोड आणि दाट असतो, दोन-तीन रियालात मिळतो, चुकवू नका.

रायफल लगेच हातात येत नाही. परवान्याची कागदपत्रं होऊन ती मिळायला बरेच आठवडे गेले. काडतुसं अबू नासेरनी त्याच विक्रेत्याच्या शहरातल्या दुकानातून आणली. मग दुसरा शुक्रवार. नेमबाजीच्या रेंजवर जाऊन रायफलीची दुर्बीण जुळवायची होती. शहराच्या उत्तरेला गाडीने अर्धा-पाऊण तास लागतो. ओळखपत्र जवळ ठेवा, त्याशिवाय कुणी आत सोडत नाही. या वेळी अबू नासेरनी स्वतःच बापूंना पुढच्या सीटवर बसवलं, म्हणून मला जरा बरं वाटलं. काडतुसांचे डबे गाडीतून बापूंनीच उचलून आणले.

अबू नासेर टेबलाशी बसले. रेंज ऑफिसर पलीकडच्या लेनवर होता. अबू नासेरनी पहिलं काडतूस आत सरकवलं आणि बोल्ट, म्हणजे मागचा खटका, बंद केला. बंद झालाही, अगदी अलगद. बापूंच्या हातात डब्यातलं दुसरं काडतूस होतं. ते त्याचं बूड बघत होते. मग त्यांनी नळीकडे बघितलं आणि पुन्हा बुडाकडे.

"सर, रुको!"

अबू नासेरचा गाल रायफलीला टेकलेला होता. त्यांनी ऐकलं नाही. बापूंनी सरळ पुढे होऊन त्यांचा मनगटापाशी हात धरला.

इथे ड्रायव्हरने कतारी माणसाच्या अंगाला हात लावायचा म्हणजे काय, हे या देशात राहिलेल्यांना सांगायला नको. अबू नासेर ताडकन उठले. "काय चाललंय? मी लहान मूल आहे?"

बापूंनी काडतूस पुढे केलं. "सर, नाम देखो. दूसरा है. छोटा है."

तोवर रेंज ऑफिसर धावत आला. त्याने रायफल रिकामी केली, काडतूस नळीवरच्या अक्षरांशी ताडून बघितलं आणि डोकं हलवलं. म्हणाला, "हा माणूस बरोबर सांगतोय." मग बापूंनी मला मराठीत समजावलं. काडतूस आखूड, नळीतलं त्याचं घर लांब. बसतं, बोल्टही लागतो, म्हणून तर धोका जास्त. उडवलं की आत कवच फाटू शकतं आणि तापलेला वायू मागे, तोंडावर येतो. "बसतंय म्हंजी चालतंय असं न्हाई, ताई."

मी सेफ्टी इंजिनिअर. चुकीचा व्हॉल्व्ह बसतो म्हणून कुणी लावला, तर आमच्याकडे चौकशी लागते. आणि इथे एका सुटाबुटातल्या माणसाने दोन डबे हसतहसत विकले होते.

आम्ही तिथूनच थेट दुकानात गेलो. मला वाटलं, विक्रेता माफी मागेल. त्याने डबे उलटसुलट करून बघितले आणि बापूंकडे बोट दाखवलं. "सर, मैंने सही दिया था. इसने गाडी में बदल दिया होगा."

आणि अबू नासेरनी वळून बापूंकडे बघितलं. क्षणभरच. पण तो क्षण मी विसरणार नाही. ज्याने तासाभरापूर्वी त्यांचे डोळे वाचवले, त्याच्याकडे ते संशयाने बघत होते. बापूंची नोकरी, व्हिसा, गावाकडच्या मुलीचं नर्सिंगचं शेवटचं वर्ष, सगळं त्या एका नजरेत अडकलं होतं. बापू फौजी माणसासारखे सरळ उभे राहिले.

या वेळी मी गप्प बसले नाही. "अबू नासेर, तुमचा फोन उघडा. मी पाठवलेला फोटो तुम्ही याला पाठवला होता. याने काय उत्तर दिलं?"

त्यांनी शोधलं. नळीवरच्या अक्षरांचा फोटो, आणि त्याखाली विक्रेत्याचा निरोप: सेम आहे सर, नो प्रॉब्लेम, हेच चालतं. सोबत डब्यांचा फोटोही होता. तेच डबे.

"वाचा आता मोठ्याने," मी म्हणाले. विक्रेत्याने डबे बाजूला सारले.

अबू नासेर जे अरबीत बोलले ते मला पूर्ण कळलं नाही, पण आतल्या खोलीतून दुकानाचा मालक धावत बाहेर आला. नळीवर कोरलेलं काडतूस दोह्यात त्याच्याकडे नव्हतंच, आणि लवकर येणारही नव्हतं. शेवटी त्याने ती नक्षीदार रायफल परत घेतली आणि सर्वत्र मिळतं त्या काडतुसाची, साधी, वजनाला बेताची रायफल बदलून द्यायचं कबूल केलं. बापूंनी खुर्चीवर बसून नव्या डब्यातलं एकेक काडतूस तपासलं. घाई केली नाही.

विक्रेत्याने अबू नासेरना अरबीत सॉरी म्हटलं, मला इंग्रजीत. मी म्हणाले, "इनको भी बोलिए."

"मॅडम, इनसे क्या?"

"चोर ठहराया ना आपने?"

तो हसला आणि ड्रॉवर लावायला लागला. बापू माझ्या मागे हळूच म्हणाले, "चला ताई, खलास."

नवी रायफल परवान्यानिशी आली. तिसऱ्या शुक्रवारी रेंजवर तिच्या गोळ्या हाताच्या पंजाएवढ्या जागेत पडल्या. अबू नासेरनी बापूंना मिठी मारली आणि बिन महमूद भागात आम्हाला बिर्याणी खाऊ घातली. माणूस वाईट नाही. पण शिकारीहून परतल्यावर प्लँटच्या कँटीनमध्ये मी त्यांना सांगताना ऐकलं: "काडतूस हातात घेताच मला शंका आली." मला. बापूंचं नावही नाही. ऐकणारे माना डोलावत होते.

नुसतं रागावून काय होतं? म्हणून त्या संध्याकाळी अझीझियातल्या घरी हे लिहायला बसले. तुम्हाला रायफल घ्यायची असो वा नसो, इतकं लक्षात ठेवा: आधी काडतूस कुठे मिळतं ते बघा, मग रायफल. अक्षर न् अक्षर जुळवा. आणि ज्याला कळतं त्याला आत बसवा.

पोस्ट टाकण्याआधी मी बापूंना फोनवर वाचून दाखवली. ते शेवटपर्यंत ऐकत राहिले. मग म्हणाले, "झ्याक लिवलंय, ताई. फकस्त माजं नाव काडा. नोकरी हाय."

काढलं. वर जिथे जिथे बापू लिहिलंय, तिथे खरं नाव दुसरंच आहे. अबू नासेरही मीच ठेवलेलं नाव आहे. पण त्यांनी ते बदलायला मला सांगितलं नव्हतं. त्यांना तशी गरजच नाही.