आमची चिंगी, पाहुणा ससा आणि मेथीची जुडी

मंडळी, आज पार थकून गेले.

जुन्या जालन्यात कुणीतरी सोडून दिलेला ससा, नवं घर मिळेपर्यंत, आमच्याकडं आलाय. आमची सशीण चिंगी तो दिसला की चावायलाच धावते, म्हणून मधी जाळी लावलेली. आठ दिवसांनी आज कुठं दोघं जाळीजवळ शांत बसले होते.

तेवढ्यात सासूबाई मेथी घेऊन आल्या. "आधी पाहुण्याला," म्हणत त्यांनी जाळी सरकवली आणि चिंगीदेखत त्याला जुडी दिली. चिंगी तुटूनच पडली. सोडवताना माझ्याच मनगटाला चावली.

"आई, घरचीला डावलून पाहुण्याला देतात का?" मी चिडले.

सांडलेली पानं गोळा करत त्या म्हणाल्या, "मीबी जन्मभर पाहुण्यांच्या मागूनच जेवले. फक्त कुणाला चावले न्हाई."

जाळी परत लावलीय. सांगा, संध्याकाळी आधी कुणाला वाढू?