रादामेसच्या समोरची खुर्ची

विल्किनवर जी वेळ आली ती दुसऱ्या कुणावर आली असती, तर विल्किन पोट धरधरून हसला असता. त्याचा पहिलावहिला प्रियकर त्याच्या बापाने पळवला. तोही दिवसाढवळ्या, इमारतीच्या दारात, अख्ख्या गल्लीच्या देखत. आणि आपण काय पळवलंय याचा बापाला पत्ताच नाही, असं निदान विल्किनला तरी वाटत होतं.

बाप म्हणजे रादामेस. वॉशिंग्टन हाइट्समधल्या आमच्या गल्लीतली ती विटकरी इमारत त्याच्या हवाली. तुंबलेली मोरी, बंद पडलेला बॉयलर, किल्ली आत विसरून टॉवेलवर दाराबाहेर उभा राहिलेला भाडेकरू, सगळ्यांना औषध एकच, रादामेस. कमरेला पाना आणि तोंडात मोजके शब्द. तिकडे बेटावरच्या मोका गावाहून न्यूयॉर्कला आला तेव्हा एक बॅग आणि डोमिनोच्या सोंगट्यांची पेटी एवढंच घेऊन आला. बॅग कुठे गेली देव जाणे, पेटी अजून आहे. आई नुरीस कोपऱ्यावरच्या पार्लरमध्ये बायकांचे केस सरळ करायची, आणि नवऱ्याच्या वाटचंही तीच बोलून घ्यायची.

विल्किन वाढला त्या पार्लरमध्ये. ड्रायरखाली बसलेल्या बायकांच्या पायाशी बसून त्याने शाळेचा अभ्यास केला थोडा, आणि कोण कुणाबरोबर पळालं याचा केला भरपूर. कुठल्या केसाला कुठला रोलर, हे एवढंसं पोरगं न चुकता सांगायचं. बायका म्हणायच्या, "नुरीस, पोरगं मोठं गुणाचं हो तुझं!" आणि मग आरशातून एकमेकींकडे बघायच्या. ते बघणं विल्किनला फार लवकर कळलं.

पुढे मिसरूड फुटली तशी त्याच बायकांनी पिच्छा पुरवला. "काय रे, एखादी पोरगी पटवलीस की नाही?" वैतागून त्याने एक दिवस पटवली. मनातल्या मनात. नाव मारिबेल, राहणार ब्रुकलिन. मारिबेल अभ्यासू होती, देवभोळी होती आणि घरी बोलावलं की हटकून तापाने फणफणायची. नुरीस तिच्यासाठी नारळाच्या वड्या पाठवायची, त्या विल्किन एकटाच बागेत बसून फस्त करायचा. प्रकरण फारच अंगाशी आलं तेव्हा त्याने मारिबेलच्या वडिलांची थेट फ्लोरिडाला बदली करून टाकली. नुरीस ढसाढसा रडली. ड्रायरखालच्या बायकांनी डोळे पुसले. रादामेसने ताटातून मान वर केली, पोराकडे पाहिलं आणि म्हणाला, "हं."

त्या 'हं'चा विल्किनने धसकाच घेतला होता. चौदा वर्षांचा असताना कोपऱ्यावरची पोरं त्याच्या चालण्याची नक्कल करायची. "पाखरू चाललं, पाखरू!" म्हणून शिट्ट्या मारायची. एकदा विल्किननेही तोंड सोडलं, आणि ओठ फुटून घरी आला. म्हणाला, बॉल लागला. रादामेस म्हणाला, "हं," आणि बर्फ काढून दिला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो पाना घेऊन त्या कोपऱ्यावर जाऊन उभा राहिला. नुसता उभा. कुणी विचारलं तर म्हणे, दुरुस्तीचं काम आहे. तिथे दुरुस्त करण्यासारखं काही नव्हतं. पोरांनी मात्र तेव्हापासून बसायची जागा बदलली.

आणि चौथ्या मजल्यावरचा मेल्विन? त्याच्या बापाला त्याचं कळलं, तेव्हा भर थंडीत कपड्यांच्या पिशव्यांसकट त्याला फुटपाथवर काढलं. त्या पिशव्या उचलून रादामेसने तळघरात नेऊन ठेवल्या, पण बोलला तेव्हाही नाही. विल्किनने खिडकीतून सगळं पाहिलं होतं. उद्या आपल्याही पिशव्या अशाच फुटपाथवर दिसतील, हे त्याच्या डोक्यातून जाईना.

अशा पोराला यादिएल भेटला, त्या उन्हाळ्यात, पोहण्याच्या तलावावर. यादिएल पुलापलीकडचा, ब्रॉन्क्सचा. मूळ पोर्तो रिकोचा. आईबाप लहानपणीच पांगलेले, आजोबांनी वाढवलेला, आणि आजोबाही गेल्या हिवाळ्यात गेले. पाण्यातून बाहेर येऊन म्हणाला, "टॉवेल देतोस का जरा?" विल्किनने दिला. टॉवेल दुसऱ्याच कुणाचा तरी होता, त्यावरून भांडण झालं, आणि त्या भांडणातून पळताना दोघांचं जमलं.

महिनाभराने विल्किनने छाती करून त्याला घरी आणलं. शाळेतला मित्र म्हणून. आईच्या हातचं सांकोचो, म्हणजे मटणाचा दाट रस्सा, खायचं आणि गच्चीवर सटकायचं, एवढाच बेत. पण दारातच टेबल मांडलेलं होतं. डोमिनोचं.

या टेबलाची रीत अशी, की चौघं बसतात, समोरासमोरचे दोघं एकमेकांचे भिडू. सोंगट्या आपल्यापुरत्या उभ्या, पाठ दुसऱ्यांकडे. हातात काय आहे याबद्दल भिडूशीसुद्धा चकार शब्द काढायचा नाही. लावायला आकडा नसेल तर बोटांनी टेबल ठोकायचं आणि म्हणायचं, पास. कसलेला खेळाडू कोण कशावर पास म्हणालं ते ध्यानात ठेवतो, आणि त्यावरून तुमचा हात तुमच्यासमोर वाचून दाखवतो. रादामेस तसला होता. त्याचा जुना भिडू चिचो वसंतात कायमचा गावी गेला होता, आणि तेव्हापासून समोरच्या खुर्चीत कुणी टिकत नव्हतं. चूक झाली की रादामेस बोलायचा नाही, नुसता बघायचा. माणूस दुसऱ्या दिवशी येतच नसे.

"पोरा, खेळता येतं का?" रादामेसने विचारलं.

विल्किनने यादिएलचा शर्ट मागून ओढला.

"थोडंफार," यादिएल म्हणाला आणि बसला.

विरुद्ध पक्षात होता बिएन्वे, सलूनवाला, तोंडाचा फाटका. आणि त्याचा भिडू तोन्यो, ज्याला खाण्यापलीकडे जगात काही दिसत नाही. "पोर्तो रिकोवाल्यांना आकडे मोजता येतात का रे?" बिएन्वेने खडा टाकला. यादिएल हसला. थोड्याच वेळात त्याने दोन्ही टोकांना चालणारी शेवटची सोंगटी अशी आपटली, की सोड्याचे ग्लास उडाले. बिएन्वेने कपाळाला हात लावला. आणि रादामेस, ज्याने स्वतःच्या लग्नात दात दाखवले नव्हते, तो चक्क हसला.

झालं. विल्किनचा उन्हाळा तिथेच संपला.

"यादिएल आला का?" घरात पाऊल टाकताच रादामेस विचारायचा. चिचाररॉनचे, म्हणजे तळलेल्या डुकराच्या मांसाचे, खमंग तुकडे यादिएलसाठी राखून ठेवायचा. स्वतःच्या पोराने हात घातला तर चापट. सिनेमा बुडाला, गच्ची बुडाली. विल्किन खिडकीत गाल टेकून बघत बसायचा, आणि खाली त्याचा लाडका त्याच्या बापाच्या डोळ्यांत डोळे घालून तासन् तास बसलेला.

"तू माझ्याकडे येतोस की त्यांच्याकडे?" जिन्यात गाठून विल्किनने एकदा विचारलंच.

"तुझ्याकडेच रे, वेड्या. पण आज त्यांनी मला 'बाळा' म्हटलं."

"मला कधी म्हणाले नाहीत!"

"तू खेळायला कधी बसलास?"

"सांगून टाकतो त्यांना सगळं. मग बघू कसे बसवतात."

यादिएलचा चेहरा पडला. त्याने विल्किनचा हात घट्ट धरला. "नको. तुझ्या पाया पडतो. आजोबा गेल्यापासून माझ्यासाठी कुणी खुर्ची धरून ठेवली नाही. सांगितलंस तर तीही जाईल. आणि तुझ्या पिशव्या फुटपाथवर येतील त्या वेगळ्याच."

विल्किनने सांगायचा बेत सोडला. पण आतून उकळत होता.

त्याचा अठरावा वाढदिवस आला शनिवारी. दोघांनी समुद्रावर जायचं कधीचं ठरवलं होतं. आणि नेमका त्याच शनिवारी रादामेस आणि बिएन्वेने सामना ठरवला, हरेल त्याने गल्लीला बोकड शिजवून घालायचं. वाढदिवस रादामेसच्या लक्षातही नाही! विल्किनने वाट पाहिली. चड्डी, टॉवेल, छत्री, सगळं घेऊन जिन्यात बसला. "हा डाव झाला की निघू," यादिएल म्हणाला. तो डाव झाला, पुढचा लागला. त्याच्या पुढचा लागला. टेबलाभोवती ही गर्दी, खिडक्यांतून बायका, गाडीतून गाणं. विल्किनचं डोकं फिरलं.

तो तरातरा गेला आणि काखेत छत्री धरून टेबलासमोर उभा राहिला.

"बाबा, पुरे झालं. यादिएल आता माझ्याबरोबर येतोय."

बिएन्वे खदखदला. "अरे, बायको आहे का तुझी, माहेराहून न्यायला आलास ते?"

लोक हसले. विल्किनच्या कानांत शिट्ट्या वाजल्या, त्या जुन्या कोपऱ्यावरच्या. यादिएल नाही-नाही म्हणून मान हलवत होता. पण तोंडाला लगाम घालायची वेळ निघून गेली होती.

"बायको नाही," विल्किन म्हणाला. "पण आहे माझाच. आधी माझा होता. तुमचा भिडू नंतर झाला."

कुणीतरी गाडीतलं गाणं बंद केलं. यादिएलने हातातली सोंगटी पालथी ठेवली. विल्किनला मेल्विनच्या पिशव्या दिसल्या, अगदी गाठीसकट.

रादामेसने आपल्या सोंगट्यांवर नजर फिरवली. त्यातली एक उचलली, लावली.

"रादामेस," बिएन्वे म्हणाला, "ऐकलंस का पोरगं काय बोललं?"

"ऐकलं. तुझी पाळी आहे."

"पाळी गेली खड्ड्यात! तुझं पोरगं पाखरू निघालं, आणि हे दुसरं तू समोर बसवून घेतलंस. मी नाही बसत असल्या टेबलाला." तो खुर्ची सरकवून उठला.

"बिएन्वे," रादामेस म्हणाला, आणि त्याला एका दमात इतकं बोलताना गल्लीने पहिल्यांदाच ऐकलं, "आयुष्यभर खेळतोयस आणि समोरच्याच्या हातात काय आहे ते तुला आज कळतंय? हे पोरगं मिसरूड फुटल्यापासून प्रत्येक पोरीच्या नावावर टेबल ठोकतंय. पास, पास, पास. मला काय आंधळा समजलास? आणि ती मारिबेल!" तो विल्किनकडे वळला. "हातात नसलेली सोंगटी लावत होतास, गाढवा. आई तुझी आठवडाभर रडली. मारून तरी टाकायचीस, एक प्रार्थना करून मोकळे झालो असतो."

वरच्या खिडकीतून नुरीस ओरडली, "माझ्या नारळाच्या वड्या कुणी खाल्ल्या मग?"

लोक फिस्सकन हसले. विल्किनला हसू येईना.

"माहीत होतं, तर बोलला का नाहीत?" तो म्हणाला. "मी किती घाबरत होतो, बाबा. रोज घाबरत होतो."

रादामेसने पाना कमरेवर सारखा केला. त्याचे डोळे भरले होते, ते त्याने लपवले नाहीत.

"पाळी तुझी होती, बाळा," तो म्हणाला. "दुसऱ्याची पाळी असताना या टेबलावर बोलत नाहीत. मी वाट बघत होतो."

बिएन्वे पाय आपटत सलूनकडे निघून गेला. कुणी अडवलं नाही. तोन्योने काळजीने विचारलं, "मग बोकड कोण शिजवणार?"

"डाव संपल्यावर ठरेल," रादामेस म्हणाला, आणि विल्किनला बिएन्वेच्या खुर्चीकडे बोट दाखवलं. "भांडण लावून दिलंस, आता तूच बस. समुद्र उद्याही तिथेच असतो."

जन्मात सोंगटीला हात न लावलेला विल्किन काखेतल्या छत्रीसकट बसला, समोर तोन्यो, एका हाताला बाप, दुसऱ्या हाताला यादिएल. यादिएलने टेबलाखालून त्याच्या पायावर पाय ठेवला. विल्किनने बिएन्वेच्या सोंगट्या बघितल्या. टेबलावर दोन्ही टोकांना पाच होते, आणि हातात पाचाचा पत्ता नव्हता. बिएन्वे इतक्या तावातावाने का उठला, हेही मग गल्लीच्या लक्षात आलं.

विल्किनने बोटांनी टेबल ठोकलं. "पास."

रादामेसने त्याच्याकडे भुवया उंचावून पाहिलं. "या वेळी खरं बोलतोयस ना?"

"खरं, बाबा," विल्किन म्हणाला.

"हं," रादामेस म्हणाला, आणि चिचाररॉनची बशी त्याच्याकडे सरकवली.