ऑर्काचा खेळ

मुलीकडे परदेशी गेलो होतो, तेव्हा तिने आम्हा दोघांना ऑर्का या काळ्या-पांढऱ्या देवमाशाचा खेळ दाखवायला नेलं. ते अवाढव्य जनावर शिट्टीसरशी उड्या मारत होतं. लोकांबरोबर मीही टाळ्या पिटल्या.

खेळ संपल्यावर ते हौदाच्या भिंतीला तोंड लावून नुसतं तरंगत राहिलं.

"याची आई कुठे असेल गं?" बायकोने विचारलं.

"समुद्रात. याला पिल्लू असतानाच पकडलं," मुलगी म्हणाली. "एरवी यांची पोरं जन्मभर आईजवळ राहतात."

मैलोन्‌मैल पोहणाऱ्या जिवाला आपण हौद दिला आणि वर त्याच्या कैदेला खेळ म्हटलं.

बाहेरच्या दुकानात आई-पिल्लाची कापडी जोडी विकायला होती. बायकोने तोंड फिरवलं. मी मात्र नातीसाठी ती घेतली. त्याची लाज मला आजही वाटते.