पिवळ्या घरातली पोर

जुन्नरच्या पेठेत कापडाचं दुकान असलेल्या एका काकींनी मला हात दिला. त्यांचं नाव लिहीत नाही. लिहिलं तर त्यांनाच ऐकून घ्यावं लागेल, आणि माझ्यापायी त्यांनी आधीच पुष्कळ ऐकलंय. पण आधी त्यांचं सांगते, कारण बाकीचं सांगायला लागले की माझं डोकं तापतं आणि उपकाराचं राहून जातं. माझं शाळेतलं शेवटचं स्नेहसंमेलन चालू होतं. मंडपात सगळे बसून हसत होते. त्यातून एकट्या काकी उठल्या आणि उन्हात माझ्यापाशी आल्या. त्यांनी मला स्वतःच्या खुर्चीत बसवलं. एवढंच केलं त्यांनी. त्या खुर्चीची किंमत त्या अजून फेडताहेत आणि मी इथं हुबळीत त्यांच्या भावाच्या साड्यांच्या दुकानात काम करतेय.

आमची वाडी तळेघरच्या वरच्या अंगाला. भात आणि नाचणी. एसटी कधी येईल ते एसटीलाच ठाऊक, म्हणून आम्ही चालतच निघायचो. पाचवीला मला जुन्नरजवळच्या एका संस्थेच्या शाळेत, वसतिगृहात टाकलं. घरून शाळेला जाताना एकदा गाडीत बाई कंडक्टर होती. दारूड्या माणसाला तिनं नुसतं बघून मागच्या सीटवर बसवलं. तेव्हाच मी ठरवलं, आपण हे व्हायचं. त्याला दहावी पास लागते असं कुणीतरी सांगितलं. माझं सगळं त्या दहावीवर येऊन थांबलं होतं.

नववीत असताना पुण्याहून एक नवे सर आले. तरुण, टापटीप, मुलांशी हसून बोलणारे. त्यांनी आम्हाला हॉलमधल्या पांढऱ्या भिंतीवर एक सिनेमा दाखवला, जादूच्या शाळेचा, हिंदीतून बोलणारा. आम्ही तोंड उघडं ठेवून बघितला. त्या शाळेत मुलांची चार घरं असतात आणि प्रत्येक घराचा एक स्वभाव असतो. सरांना ते फार आवडलेलं. सोमवारी प्रार्थनेनंतर ते म्हणाले, "आपल्याकडेही चार घरं! लाल म्हणजे धाडसी. निळं म्हणजे हुशार. हिरवं म्हणजे चतुर, पुढे जाणारे. आणि पिवळं म्हणजे कष्टाळू, प्रामाणिक, सोशिक, एकनिष्ठ."

सिनेमात मुलांच्या डोक्यावर जादूची टोपी ठेवतात. सरांनी व्हरांड्यात शोभेसाठी टांगलेलं इरलं खाली काढलं. आमच्याकडं भाताच्या आवणीला, रोपं लावताना, पावसात डोक्यावरून पाठीवर घेतात ते, बांबूच्या कामट्यांचं आणि पानांचं. एकेकाला पुढं बोलवायचं, डोक्यावर इरलं ठेवायचं, सर डोळे मिटून विचार केल्यासारखं करायचे आणि रंग सांगायचे.

पारगावकडच्या उसाच्या गावातली एक मुलगी माझ्याच वर्गात होती. उंच, आवाज खणखणीत. ती इरल्याखाली ताठ उभी राहिली, कमरेवर हात ठेवून. सर म्हणाले, "लाल! हिला विचारायलाच नको." पोरांनी टाळ्या वाजवल्या.

मग मी. इरलं डोक्यावर आलं आणि मी कमरेत वाकले. मुद्दाम नाही. ताठ उभं राहून इरलं कुणी घेतच नाही. त्याचा घाटच वाकलेल्या पाठीचा असतो. लहानपणापासून ते अंगावर आलं की पाठ आपोआप खाली जाते आणि हात चिखलाकडं.

"अरे, बघा बघा," सर हसून म्हणाले, "टोपी बोलायच्या आत हिनंच सांगून टाकलं. पिवळी!"

सगळा हॉल हसला. आमच्या डोंगराकडची जी जी पोरं होती, ती एकामागून एक इरल्याखाली वाकली आणि पिवळी झाली. पाचवीतली एक बारकी होती, आमच्या शेजारच्या वाडीची. तिला इरलं एवढं मोठं झालं की ती दिसेचना. तिच्यावर तर लईच हसले.

खरं सांगते, मला पहिल्यांदा बरं वाटलं. व्हरांड्यात फळ्यावर रंगीत खडूनं लिहिलेलं, प्रामाणिक, कष्टाळू. आई भेटायला आली तेव्हा तिला वाचून दाखवलं. आई म्हणाली, "बरं लिवलंय की. वाईट काय हाय त्यात?" वाईट काहीच नव्हतं, त्यातच गोम होती. शिवी असती तर उलट शिवी दिली असती. कौतुकाला काय उत्तर द्यायचं?

हळूहळू कामं रंगाप्रमाणं लागली. सकाळी बंबाचं गरम पाणी आधी लाल घराला, कारण त्यांना खेळाच्या सरावाला जायचं. मग निळ्यांना, अभ्यास असतो. हिरवे मधेच घुसायचे, ते चतुरच. आमच्यापर्यंत बंब गार व्हायचा. संडास धुणं, भांडी, जेवणाच्या हॉलची फरशी, सगळं पिवळ्यांकडं. लाल घरातल्यांनी नळ मोडला तर सर म्हणायचे, "रक्त गरम आहे यांचं." हिरव्यांनी कोठीतून शेंगदाण्याचे लाडू पळवले तर सर आधी रागवायचे आणि मग हसायचे, "डोकं बघा कसं चालवलं." आमच्या एकाच्या हातून ताटांची चळत पडली तेव्हा मात्र त्यांचा चेहरा उतरला. "तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती."

एकदा मी धीर करून म्हणाले, "सर, थंडीचं बारकीला गार पाणी सोसत न्हाई."

सर म्हणाले, "तक्रार? पिवळं घर तक्रार करतं?" आणि व्हरांड्यातल्या फळ्यावर रोज घरांचे गुण लिहायचे, त्यातले आमचे पुसून कमी केले. पारगावची मुलगी मागून म्हणाली, "ए पिवळे, तुला सोसतंय की. तेच तर लिवलंय तुझ्या नावावर." पिवळ्या घरातली बाकीची पोरं माझ्यावरच चिडली. तोंड उघडलं की आमच्याकडं होतं नव्हतं तेही जायचं. त्यानंतर कुणी बोललं नाही. मीही नाही.

माघातल्या संमेलनाच्या आधी सरांनी सांगितलं की दहावीच्या वर्गाला वसतिगृहात जागा कमी आहेत, घरांच्या गुणांवरून ठरवावं लागेल. संमेलनात प्रत्येक घरानं आपला स्वभाव पाहुण्यांना दाखवायचा. लाल घर पेटत्या कड्यातून उडी मारणार, निळं घर प्रश्नमंजुषा करणार, हिरवं घर नाटक. मी विचारलं, "आमी काय करायचं, सर?"

"तुम्ही उभं राहायचं," सर म्हणाले. "सोशिकपणाचं जिवंत चित्र. इरलं घेऊन, हातात पाण्याची भरलेली बादली, कार्यक्रम संपेपर्यंत. कुणी हललं नाही तर पूर्ण गुण."

मला ते सोपं वाटलं. आवणीत मी दिवसभर वाकलेली असते, उभं राहण्यात काय एवढं? नुसतं उभं राहून दहावी मिळत होती. बारकीला मी समजावलं, "माझ्या बाजूला राहा. माझ्याकडं बघत राहा."

पाहुणे मंडपात, आम्ही मंडपाच्या बाहेर, उन्हात, रांगेनं. वाकलेलं असताना बादली हातात असली की वजन हातात राहत नाही, कमरेत उतरतं. हे मला शेतात कधी कळलं नव्हतं, कारण शेतात मूठभर रोप टोचलं की हात रिकामा होतो. लाल घरानं उड्या मारल्या, शिट्ट्या झाल्या. निळ्यांची प्रश्नमंजुषा संपता संपेना. पालक मोबाईलवर आमचे फोटो काढत होते. एक जण वाकून इरल्याखाली बघून म्हणाला, "राव, पुतळं हायेत का पोरं?"

बारकीच्या बादलीतलं पाणी हलायला लागलं. मग तिचं इरलं हलायला लागलं. मी बघितलं तर तिच्या पायाखालची माती ओली झाली होती, आणि ते बादलीतलं पाणी नव्हतं. पुढं बसलेल्या पोरांनी ते पाहिलं आणि एकमेकांना दाखवलं. मी बादली खाली ठेवली आणि तिला धरलं.

"पिवळं हललं!" पारगावची मुलगी ओरडली. "सर, पिवळं हललं!"

सर माईकवर होते. "अरेरे, आमच्या सोशिक घराचं सोसणं संपलं वाटतं." मंडप हसला. मग माईक बाजूला धरून, पण मला ऐकू येईल असं, म्हणाले, "उचल ती बादली. नाहीतर दहावी विसर."

मी बारकीला सोडलं. बादली उचलली आणि पुन्हा वाकले.

तेव्हा पहिल्या ओळीतून काकी उठल्या. त्यांच्या दुकानानं त्या वर्षी वसतिगृहाला चादरी दिल्या होत्या, म्हणून नवरा-बायको दोघं पाहुणे होते. डोक्यावरचा पदर सावरत त्या सरळ उन्हात आल्या. आधी बारकीचं इरलं काढून तिला सावलीत पाठवलं. मग माझं काढलं. माझ्या हनुवटीखाली हात घालून म्हणाल्या, "वर बघ. सरळ हो. झालं आता."

पाठ सरळ होईना. मला तेवढी लाज दुसऱ्या कशाची वाटली नाही.

सर धावत आले. "काकी, खेळ आहे हा. ही डोंगरातली मुलं काटक असतात, त्यांना सवय असते."

"असं का?" काकींनी माझ्या हातातली बादली घेतली आणि त्यांच्यापुढं धरली. "मग थोडा वेळ तुम्ही धरा. मला काही सवय नाही हो."

सरांनी हात पुढं केला नाही. पाणी हिंदकळून काकींच्या साडीवर सांडत होतं. त्यांनी बादली खाली ठेवली, मला मंडपात नेलं आणि त्यांच्या खुर्चीत बसवलं, पांढरं कापड घातलेल्या, पाहुण्यांच्या. स्वतः मागं उभ्या राहिल्या. शेजारच्या खुर्चीतले त्यांचे यजमान माझ्याकडं न बघता दातांवर दात ठेवून म्हणाले, "शोभा झाली तेवढी पुरे. घरी चला."

पिवळ्या घराला भोपळा मिळाला. वार्षिक परीक्षा झाल्यावर सरांनी मला बोलावून अगदी गोड आवाजात सांगितलं, "तुझ्यात चिकाटी आहे, पण निष्ठा नाही. तुला जागा देता येणार नाही." घरून रोज शाळा करायची तर जवळ दहावीपर्यंतची शाळा कुठं होती? ट्रंक घेऊन वाडीवर गेले. आई म्हणाली, "उभी ऱ्हायली असतीस तर काय मरत व्हतीस? पावण्यांच्या खुर्चीत बसतात व्हय?"

बारकीला त्या संमेलनानंतर शाळेत जे नाव पडलं ते मी इथं लिहिणार नाही. पुढच्या दिवाळीला ती घरी आली ती परत गेलीच नाही.

काकींना मी एकदाच दुकानात भेटायला गेले. त्या गल्ल्याजवळ नव्हत्या, आतल्या खोलीत घड्या घालत होत्या. त्यांना समारंभाला नेणं बंद झालं होतं, दुकानात पुढं बसणंही. हसत म्हणाल्या, "मला माझे हेसुद्धा सोशिक म्हणतात गं. वीस वर्षं झाली. म्हणून तर ओळखलं." मग त्यांनी भावाला फोन लावला. "पोरगी कामाची आहे. पण ऐक, तिला बसायला स्टूल दे."

स्टूल आहे इथं, गिऱ्हाइकांसाठी. आम्ही मुली दुकान उघडल्यापासून बंद होईपर्यंत उभ्या. काकी फोन करतात, पहिला प्रश्न हाच असतो, "बसायला मिळतं ना?" मी म्हणते, "हो काकी, मिळतं." खोटं बोलते. खरं सांगितलं तर त्या भावाला बोलतील, भाऊ त्यांच्या यजमानांना सांगेल, आणि आतल्या खोलीचंही दार लागेल. फोन ठेवला की वाटत राहतं, आवाजावरून कळलं तर नसेल?

मागच्या महिन्यात दुकानातल्या मुली मोबाईलवर एक खेळ खेळत होत्या. प्रश्नांची उत्तरं द्यायची, मग जादूच्या शाळेतलं तुमचं घर कोणतं ते तो सांगतो. मला पकडून बसवलं म्हणजे उभंच ठेवलं. मी सगळी उत्तरं उलटी दिली. भांडेन म्हणाले, चोरेन म्हणाले, मैत्रिणीला सोडून पळेन म्हणाले. तरी पिवळंच आलं. एक जण मोडक्या हिंदीत म्हणाली, "अच्छा है ना, मेहनती, वफादार." मालक, काकींचे भाऊ, गल्ल्यावरून हसले, "हे तर मोबाईलशिवाय पण सांगितलं असतं." आणि वरच्या फळीवरचे गठ्ठे काढायला मला शिडीवर चढवलं.

काकी, बाहेरून दहावीला बसता येतं असं कळलंय. पुस्तकं आणलीत, गणित काही सुटत नाही, तरी बसणार आहे. पास होईन का, माहीत नाही. कंडक्टर होईन का, तेही नाही. पण तुमच्याकडून घेतलेली ती खुर्ची माझ्याकडं राहिलीय आणि ती मला बसू देत नाही. एक दिवस मी जुन्नरच्या स्टँडवर माझी गाडी घेऊन येईन, तुम्हाला दारामागच्या पहिल्या सीटवर बसवीन आणि तळेघरपर्यंत कुणालाही तुम्हाला उठवू देणार नाही. यजमान आले तर त्यांना म्हणावं, मागं जागा आहे.